थंडी साचते कुठे, वणवा चढतो कुठून : दिंडोरीच्या डोंगरकडेच्या इशारा-प्रकल्पाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर

खालच्या बागेची गोड्या बहाराची छाटणी ५ तारखेला झाली. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ही बाग नव्वद दिवसांची होईल, मण्यात पाणी उतरायच्या बेताला येईल. गेल्या वर्षी थंडीनं तिला नेमकं तिथेच गाठलं होतं.

त्या रात्री जिल्ह्याचा अंदाज किमान आठ अंशांचा होता आणि तो चुकला नव्हता. वरच्या बागेतल्या अण्णांच्या थर्मामीटरनं आठच दाखवले. ओहोळाकडच्या दोन एकरांत मात्र सकाळी बांधावरच्या गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं. आठवडाभरात मणी तडकायला लागले. दोन्ही बागांमध्ये अंतर चारशे मीटर, उंचीत फरक जेमतेम अठरा मीटर.

मग मार्चमध्ये गावामागचा डोंगर पेटला. धूर दिसला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते, आणि त्या वाऱ्यात कुणालाच वर जाता आलं नाही. आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं की उद्याची दुपार वाईट आहे, तर निदान चार माणसं पायथ्याला बसवता आली असती.

आमचं गाव दिंडोरी तालुक्याच्या (जि. नाशिक) पश्चिम टोकाला आहे. इथे द्राक्षबागा संपतात आणि ननाशीकडचे डोंगर सुरू होतात. त्यामुळे दोन्ही संकटं आमचीच. हिवाळ्यात खालच्या बागांसाठी थंडीचा इशारा आणि फेब्रुवारीपासून डोंगरासाठी वणव्याचा इशारा, दोन्ही एकाच यंत्रांवर बसवायचे ठरवलं आहे. हवामान विभागाचे इशारे आहेतच आणि ते आधी वाचायचे. त्यांच्या पुढची शेवटची चारशे मीटर आपली आपण मोजायची आहेत.

२६ ऑक्टोबर

संवेदक आले. तापमानासाठी जलरोधक डीएस१८बी२० आणि हवेतल्या ओलाव्यासाठी एसएचटी३१. दोन दिवस तपासणीतच गेले, आणि ते जायलाच हवे होते. अर्ध्या अंशाच्या चुकीवर वीस-पंचवीस घरांना पहाटे उठवायचं आहे.

बर्फाची साधी परीक्षा घेतली. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा दाबून भरला, बुडेल इतकंच पाणी घातलं, ढवळत राहिले आणि तापमान-संवेदकांच्या आठही काड्या त्यात धरल्या. सगळ्यांनी शून्य दाखवायला हवं होतं. सहा काड्या पाव अंशाच्या आत निघाल्या, एक ०.६ वर दाखवत होती, तिची दुरुस्ती प्रोग्राममध्येच घातली. आठवी दर वेळी वेगळा आकडा देत होती, ती बाजूला ठेवली. आर्द्रतेची परीक्षा मिठाची. बरणीत मीठ, त्यावर थोडंसंच पाणी, मीठ विरघळून संपता कामा नये. झाकण घट्ट लावलं की बरणीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या कामी आल्या.

उन्हापासून आडोसा म्हणून कुंडीखालच्या पांढऱ्या बशा एकावर एक, मध्ये फटी ठेवून रचल्या. वारा खेळला पाहिजे, ऊन लागता कामा नये.

९ नोव्हेंबर

सात ठिकाणं पक्की केली: वरची बाग, मधला टप्पा, खालच्या बागेत दोन, ओहोळाच्या काठावर एक, समाजमंदिराच्या छपरावर एक, आणि सातवं डोंगराच्या पायथ्याला. नोंदी दर दहा मिनिटांनी लोरा या कमी विजेवर लांब पोचणाऱ्या रेडिओवरून घरी येतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, म्हणून सिमकार्डाचा खर्च नाही.

प्रत्येक ठिकाणी एकच काडी पुरत नाही. वेधशाळेचं तापमान जमिनीपासून साधारण चार फुटांवर, जाळीच्या पेटीत मोजतात. निरभ्र, निवांत रात्री गवताच्या पात्याशी त्याहून दोन ते चार अंश कमी असतं, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. म्हणून बातमीत पाच अंश आणि बांधावर गोठलेलं दव, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. खालच्या बागेत मी तीन उंचींवर काड्या लावल्या: गवतालगत, चार फुटांवर आणि घड लोंबतात त्या तारेजवळ.

तात्या (अण्णांचे थोरले भाऊ) बांधावर बसून पाहत होते. म्हणाले, "पोरी, खालच्या वावरात थंडी उतरून साचते. आमचा बाप तिथे हरभरासुद्धा उशिरा पेरायचा, फुलोरा कडाक्यात सापडू नये म्हणून." मी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. हरभऱ्याचं फूल थंडीला किती हळवं असतं ते मला पुस्तकातून कळलं होतं. पण कुठल्या वावरात जपायचं ते पुस्तकात कसं असणार?

२१ नोव्हेंबर

पहिली खरी थंड रात्र. पहाटे सहाला वरची बाग १२.१, खालची ८.७. तीन अंश चार दशांशांचा फरक.

आकड्यांकडे क्रमानं पाहिलं की तात्यांचं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहतं. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडायला लागते. ढग नसले आणि हवा कोरडी असली की ती अडवणारं काही राहत नाही. जमीन निवते, तिला लागून असलेली हवा निवते, जड होते आणि उताराकडे सरकते. पायथ्याचं यंत्र सव्वासातला उतरायला लागलं, मधला टप्पा पावणेआठला, ओहोळकाठ साडेआठला. उलट समाजमंदिराच्या छपरावर रात्रभर खालच्या बागेपेक्षा चार अंश जास्त होते. थंडीच्या थरावर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, छप्पर त्यात डोकं काढून होतं.

एक गोष्ट मात्र अपेक्षेबाहेर दिसली. खालच्या बागेतली दोन यंत्रं एकाच पातळीवर आहेत, तरी पूर्वेकडचं दीड अंशानं जास्त थंड. टॉर्च घेऊन पाहायला गेले तर त्या बाजूला सुबाभळीचं दाट कुंपण आहे आणि त्याच्या बुंध्याशी पाचट-काडीकचरा कमरेइतका साचलाय. बंधाऱ्यात पाणी अडावं तशी थंड हवा तिथे अडते.

२४ नोव्हेंबर

कुंपणाला खालच्या अंगाला दहा-बारा फुटांची वाट करून दिली, बुंध्याशी साचलेला कचरा काढला. अण्णांना कुंपण तोडणं आवडलं नाही, कारण मे महिन्यातला वारा तेच अडवतं. म्हणून झाडं ठेवली, फक्त खालच्या तीन फुटांतल्या फांद्या छाटल्या. परवाच्या रात्री फरक दीड अंशावरून ०.६ वर आला. संपूर्ण प्रकल्पातला हा सर्वांत स्वस्त उपाय, कोयता आणि एक सकाळ.

३ डिसेंबर

आता अंदाज. संध्याकाळी सहाच्या आकड्यांवरून पहाटेचं किमान काढायचं आहे, तेही आमच्या खालच्या बागेचं.

सर्वांत उपयोगी आकडा दवबिंदूचा निघाला, म्हणजे हवा किती निवली की तिच्यातलं बाष्प दव होऊन उतरायला लागेल ते तापमान. दव उतरताना बाष्पातली उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण तिथे मंदावते. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू ९ असेल तर पहाट साधारण त्याच्याच आसपास थांबते. पण उत्तरेकडून कोरडा वारा आला आणि दवबिंदू एक-दोन अंशांवर उतरला, की वाटेत थोपवणारं काहीच नाही. तो शून्याखाली गेला तर दव न दिसताच पानं काळी पडू शकतात. सकाळी गवत पांढरं झालं नाही म्हणून धोका टळला असं समजू नये, हे मी गटावर आजच लिहिलं.

सव्वीस रात्रींच्या नोंदींवरून साधं समीकरण बसवलं: संध्याकाळचं तापमान, दवबिंदू आणि वारा. सरासरी चूक १.३ अंश. पुरेसं नाही, पण सुरुवात म्हणून चालेल.

वाचताना एक गोष्ट मनात राहिली. अमेरिकेत राष्ट्रीय हवामान सेवेची स्थानिक कार्यालयं दवगोठीचा इशारा फक्त पिकांच्या वाढीच्या हंगामात देतात. शेतात काही नसताना कितीही थंडी पडली तरी तो इशारा निघत नाही. आणि वणव्याच्या हवेसाठी त्यांचा 'लाल निशाण' इशारा असतो, त्याचे आकडे प्रदेशागणिक वेगळे. आपल्याकडे हवामान विभागाची थंडीच्या लाटेची व्याख्या मैदानी भागासाठी अशी: किमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घट, किंवा किमान थेट ४ अंश वा त्याखाली. माणसांसाठी, जनावरांसाठी हे बरोबर आहे. माझ्या नव्वद दिवसांच्या बागेला मात्र स्वतःचा आकडा हवा, आणि शेजारच्या साठ दिवसांच्या बागेला तिचा. म्हणून गटातल्या प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख तक्त्यात घातली.

१४ डिसेंबर

इशारा पोचवायचा कसा, यावर समाजमंदिरात बैठक. तेवीस घरं आली.

गठ्ठ्यानं एसएमएस पाठवायचे तर पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी लागते. आमच्यासारख्यांना ते या हंगामात जमणारं नाही. व्हॉट्सअ‍ॅप पहाटे तीनला कुणी पाहत नाही. देवळाचा भोंगा रात्री दहा ते सकाळी सहा वाजवता येत नाही, आणि आमचा सगळा मामला त्याच वेळेतला. शेवटी साखळी फोन ठरला. मी तिघांना, ते तिघे प्रत्येकी तिघांना, असं.

मग खरा प्रश्न पुढे आला. शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींनी विचारला: "उठवशील गं, पण उठून करायचं काय? या आठवड्यात थ्री-फेज लाइट दिवसाची आहे." त्यांचं म्हणणं अगदी मुद्द्याचं होतं. ठिबक सोडायला मोटर हवी, मोटरीला लाइट हवी, आणि ती एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री असते. शिवाय बिबट्या. गेल्या महिन्यात ओहोळात दोनदा दिसलाय, एकट्या माणसानं पहाटे बागेत जायचं नाही हे सगळ्यांनाच मान्य.

मी तोवर अंश आणि टक्के यांतच अडकले होते. बैठकीनंतर इशाऱ्याचा मजकूरच बदलला. आता दोन पायऱ्या आहेत. संध्याकाळी सातला 'तयारी': दिवसा लाइट असेल तर दुपारीच पाणी देऊन जमीन ओली ठेवा, रात्री असेल तर मोटरीचा टायमर लावा, शेकोट्यांचं सामान बागेत नेऊन ठेवा, जोडीदार ठरवा. आणि रात्री खालच्या बागेच्या तारेजवळ ४ अंश झाले की 'उठा'. दुपारचं पाणी हवं असेल त्यांच्यासाठी 'तयारी'चा कच्चा अंदाज त्याच दिवशी सकाळी अकरालाही द्यायचा.

ओली जमीन दिवसभराची ऊब जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. विहिरीचं पाणी तर पहाटेसुद्धा वीस अंशांच्या वर असतं. हे सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं. शेकोट्यांवर मात्र वाद झाला. बागेत धूर कोंडला की थंडी लागत नाही, असं बहुतेकांचं मत. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत, काम होतं ते आगीच्या उष्णतेनं आणि तिनं हवा हलते त्यानं. म्हणून ओला पाला टाकून धूर करण्यापेक्षा कोरड्या लाकडाच्या लहान लहान शेकोट्या, बागभर पसरून. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा वरचं झाकण फोडून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा आत ओढली जाते. सगळ्यांना पटलं असं म्हणणार नाही. दोघांनी अर्ध्या बागेत धूर, अर्ध्या बागेत लहान शेकोट्या करून पाहायचं कबूल केलं.

२२ डिसेंबर

चुकीचा इशारा दिला. रात्री दीडला तारेजवळ ४.१, घसरण वेगानं चाललेली, मी साखळी सुरू केली. अडीचला उंचावरचे पातळ ढग आले. तीनला ६.८. तेवीस घरांतली माणसं थंडीत उभी राहिली आणि काहीच झालं नाही. एका काकांनी दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. मला फार वाईट वाटलं. झोप मोडणं ही लहान गोष्ट नाही, दिवसभर फवारणी-विरळणी करून ही माणसं झोपलेली असतात.

२९ डिसेंबर

ढगांवर उपाय सापडला. लांबून तापमान मोजणारा अवरक्त संवेदक घेतला आणि छपरावर आकाशाकडे तोंड करून बसवला. निरभ्र रात्री आकाश उणे वीसच्याही खाली दाखवतं. पातळ ढग आले की आकडा दहा-बारा अंशांनी चढतो, आणि हे बागेतलं तापमान बदलायच्या पाऊण तास तरी आधी कळतं. २२ च्या रात्री हा असता तर मी थांबले असते. 'उठा'ची अट आता दुहेरी: तार ४ अंश आणि आकाश निरभ्र.

७ जानेवारी

आज दुपारी लिहितेय. रात्रभर जागे होतो.

काल हवामान विभागाचा आमच्या भागासाठी थंडीचा पिवळा इशारा होता. संध्याकाळी सहाला तापमान २३.४, दवबिंदू ०.८, वारा पडलेला. हिवाळ्यातला सर्वांत कोरडा दिवस. समीकरणानं खालच्या बागेसाठी २.२ दिलं. सातला 'तयारी' गेली. नशिबानं हा आठवडा रात्रीच्या लाइटचा.

साडेअकरा: तार ६.३, आकाश उणे २४. पावणेएक: ४.९. दीड: ४.०, साखळी सुरू. एकोणीस घरांनी वीस मिनिटांत उत्तर दिलं, चौघांकडे शेजारी जाऊन दार वाजवून आले. ज्या काकांनी फोन उचलला नव्हता ते आज पहिल्या घंटीला बोलले, "लावलीय मोटर." 

अण्णा आणि मी दोघं मिळून छत्तीस शेकोट्या लावल्या, प्रत्येकी घमेल्याएवढ्या. चार वाजता बांधाबाहेर गवतालगत उणे १.१, चार फुटांवर २.६. बागेत तारेजवळ ३.९ ते ४.४ राहिलं, सूर्य वर येईपर्यंत. वरच्या बागेत काहीही न करता किमान ५.९.

ओहोळापलीकडे एका भावकीतल्या दादांचा हरभरा फुलोऱ्यात होता. त्यांनी तुषार (सिंचनाचे फवारे) चालू केले होते, पानांवर बर्फाचा पातळ थर धरला होता, आणि ते योग्यच होतं. पाणी गोठताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, तीच पिकाला शून्याच्या आसपास धरून ठेवते. पण पावणेसहाला लाइट गेली. पाणी थांबलं की ओल्या पानांवरून बाष्पीभवन सुरू होतं आणि ते उलट उष्णता ओढून घेतं. तुषार एकदा सुरू केले तर बर्फ वितळेपर्यंत बंद करायचे नाहीत, नाहीतर सुरूच करायचे नाहीत. हा नियम मला माहीत होता. बैठकीत सांगायचा राहिला, कारण सगळं बोलणं ठिबकवर झालं. दादा सकाळी बांधावर उभे होते, मी तिथे जाऊन त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या खेपेला आधी सांग." आज इशाऱ्याच्या मजकुरात ते पहिल्या ओळीत घातलं.

१९ जानेवारी

बारा दिवसांनी घड तपासले. खालच्या बागेत प्रत्येक पाचव्या ओळीतले दहा घड. तडकलेले मणी आहेत, पण घडामागे एक-दोन, आणि तेही बहुतेक ओहोळाकडच्या शेवटच्या तीन ओळींत, जिथे आमच्याकडे शेकोट्या पुरल्या नव्हत्या. फुगवण आठवडाभर थांबल्यासारखी झाली होती, ती पुन्हा सुरू झाली. धूर विरुद्ध लहान शेकोट्या करणाऱ्या दोघांपैकी एकाकडे शेकोट्यांचा भाग स्पष्ट बरा दिसतो. दुसऱ्याकडे मला फरक दिसला नाही.

३० जानेवारी

२६ च्या रात्री ओहोळकाठचं यंत्र बंद पडलं, बॅटरी. तिथे पहाटे किती होतं ते कळलंच नाही, 'उठा' गेला नाही. खालच्या भागातल्या दोन घरांनी सकाळी गवत पांढरं झाल्याचं सांगितलं. सौर पट्टी दुपारनंतर झाडाच्या सावलीत जाते, ती हलवली. यंत्र एक तास गप्प राहिलं तर मलाच फोन यावा, अशीही सोय केली.

४ फेब्रुवारी

काढणी जवळ आली, थंडीचं काम सुटत चाललं, आणि आता डोंगर. यंत्रं तीच आहेत, फक्त पाहायची वेळ बदलली, पहाटेची दुपारवर आली. ७ जानेवारीची नोंद पुन्हा काढून पाहिली. ज्या कोरडेपणानं त्या रात्री बाग निवली, त्याच कोरडेपणात आदल्या दुपारी पायथ्याच्या यंत्रावर आर्द्रता १७ टक्के होती. गवत तेव्हा अजून बुंध्याशी हिरवं होतं, म्हणून डोंगर वाचला. आता कुसळी (डोंगरावरचं गवत) पूर्ण पिवळी झालीय आणि सागाची पानगळ सुरू आहे.

बीटच्या (वनरक्षकाकडे असलेल्या वनहद्दीच्या) वनरक्षक मॅडमना भेटले. त्यांचं क्षेत्र मोठं, सोबत हंगामी अग्निरक्षक मोजके. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, त्याआधी जाळरेषा (आग अडवायला गवत-पाला काढून केलेले पट्टे) काढून व्हायला हव्यात. मॅडमनी विचारलं, "रोजचा आकडा नको. कोणत्या दिवशी माणसं कुठे बसवू, ते सांगाल का?" समाजमंदिरातल्या वहिनींचाही प्रश्न हाच होता.

१६ फेब्रुवारी

कॅनडातली वणवा-हवामान निर्देशांकाची पद्धत जगभर वापरतात. दुपारी बाराचं तापमान, आर्द्रता, वारा आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस, एवढ्यावर ती चालते, म्हणून मी तीच बसवली. पण ती मुळात पाइनच्या जंगलातल्या जमिनीवरच्या काडीकचऱ्यासाठी घडलेली. आमच्या डोंगरावर आग पळते ती उभ्या वाळक्या गवतातून आणि सागाच्या गुंडाळलेल्या मोठ्या पानांतून, ज्यांच्यामधून हवा आरपार खेळते. पावसाशिवाय चार महिने गेले की निर्देशांक रोजच 'अति' दाखवतो. रोज लाल असलेल्या दिव्याकडे कोण पाहील?

म्हणून गवतच मोजते. शंभर ग्रॅम कुसळी कापायची, हवाबंद डब्यात आणायची, ओव्हनमध्ये १०५ अंशांना वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायची. सकाळी सातचं गवत: ८७ ग्रॅम उरलं, म्हणजे कोरड्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी. त्याच जागेचं दुपारी दोनचं: ९४ ग्रॅम, साडेसहा टक्क्यांच्या आत. रात्रीच्या ओलाव्यानं मेलेलं गवतसुद्धा पाणी ओढून घेतं आणि दुपारपर्यंत सोडून देतं. आठवड्यातले सगळे दिवस सारखे नाहीत, आणि एका दिवसातले सगळे तास तर मुळीच नाहीत.

२७ फेब्रुवारी

पलीकडच्या पाड्यावर बैठक. इथे भात, नागली होते आणि रोपांच्या जागेवर राब भाजतात: पालापाचोळा, शेण, गवत पसरून, वर माती टाकून पेटवायचं. त्यानं तण मरतं, रोप जोमानं येतं. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पालाही काही जण जाळतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधल्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, ते मॅडमनी समजावून सांगितलं. मला वाटलं, बैठक इथेच तापणार.

तापली नाही, कारण एका आजींनी वेगळंच बोलणं काढलं. त्या म्हणाल्या, राब नेहमी वारा उठायच्या आत भाजायचा, दुपारी वारा डोंगर चढतो. मी माझा वाऱ्याचा आलेख काढून दाखवला. सकाळी साडेनऊपर्यंत वारा डोंगरावरून खाली, तोही मंद. साडेदहानंतर उलटतो आणि चारपर्यंत वर चढत राहतो. रात्री खाली येणारी ही हवा माझ्या ओळखीची होती, हिवाळाभर तीच खालच्या बागेत साचत होती. आणि दुपारची चढती हवा आगीला उतारावरून वर ढकलते, ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापून तयार असतं.

ठरलं ते असं. राब स्वतःच्याच शेतात, भोवती तीन मीटर माती उघडी करून, मॅडमना आदल्या दिवशी कळवून, सकाळी नऊच्या आत पेटवून विझवायचा. 'लाल दुपार'चा, म्हणजे उद्याची दुपार वणव्याची आहे असा, निरोप आला असेल त्या दिवशी नाहीच. मोहाखाली जाळण्याऐवजी जुन्या साड्या, जाळ्या अंथरायच्या. साड्या गोळा करायचं काम आमच्या बचत गटाच्या बायकांनी घेतलं.

११ मार्च

२०१८ मध्ये याच तारखेला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली, वीसहून अधिक जीव गेले. गवताळ उतार होता. आमच्याकडेही शनिवार-रविवारी शहरातून मुलं येतात. 'लाल दुपार'ची पाटी आता डोंगराच्या वाटेवर लावतो, खडूनं तारीख बदलत. पाटीवर हेही लिहिलंय: धूर दिसला तर वर पळू नका.

१८ मार्च

काल संध्याकाळी 'लाल दुपार' जाहीर केली होती: आर्द्रता १२ टक्क्यांवर जाणार, वारा ताशी वीस किलोमीटर, गवतात पाणी पाच टक्के. मॅडमनी अकरा वाजता चार माणसं पायथ्याला आणि दोघं खिंडीत बसवली.

तीन वाजून दहा मिनिटांनी खिंडीतल्या मुलाचा फोन. आग आमच्या बाजूला लागली नव्हती, पलीकडच्या अंगानं येत होती. मॅडमनी वनखात्याच्या १९२६ या मदत-क्रमांकावर कळवलं, ब्लोअर असलेली तुकडी निघाली. तोवर गावातून एकवीस जण ओल्या फांद्या, घमेली घेऊन वर गेले. कुणीही आगीच्या वरच्या अंगाला जायचं नाही, हे फोनवर तीनदा बजावलं. जाळरेषेवर पालापाचोळा पुन्हा साचला होता, तो दोन ब्लोअरनी उडवला आणि आग रेषेवर आल्यावर झोडपून विझवली. पावणेसहाला वारा पडला, सातला तो उलटला, मग काम सोपं झालं. उत्तरेकडची एक सोंड जळाली. मधला साग आणि पाण्याचा झरा वाचला. एकाच्या पायाला भाजलं, दवाखान्यात नेलं, रात्री घरी आला.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावरून येणारा एसएमएस मी नाव नोंदवून सुरू केलाय, ज्याला हवा त्याला तो मिळतो. आजचा रात्री उशिरा आला. हा कुणाचा दोष नाही. आग टिपणारा हा उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. तीनला लागलेली आग त्याच्या दुपारच्या फेरीतून निसटते. त्याचा एक ठिपका ३७५ मीटर बाजूचा, सुमारे चौदा हेक्टरांचा. कुणाचंच लक्ष नसलेल्या दऱ्यांसाठी तो फार मोलाचा आहे. आमच्या दुपारी मात्र खिंडीतल्या मुलाच्या डोळ्यांनी सांभाळल्या.

५ एप्रिल

हिशोब. थंडी: 'तयारी' नऊ रात्री, 'उठा' चार वेळा, त्यांतल्या तीन खऱ्या, एक खोटी. आणि एक सुटलेली रात्र, २६ जानेवारीची. वणवा: 'लाल दुपार' आतापर्यंत आठ. आग दोनदा लागली, एक जाहीर केलेल्या दिवशी, दुसरी २९ मार्चला, जाहीर न केलेल्या. त्या दिवशी वारा कमी होता, ती झाडाखालीच विझवता आली, पण माझ्या तक्त्यात ती चूक म्हणूनच राहील. पाड्यावर राब भाजल्याची आगाऊ सूचना सतरा घरांनी दिली.

खालच्या बागेची खरड छाटणी पुढच्या आठवड्यात. संवेदकांच्या काड्या तारेवरून काढून तात्यांकडे ठेवायच्या आहेत, मजुरांच्या कात्रीखाली यायला नकोत.

आज पाड्यावरच्या त्या आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. यंत्र कसं चालतं ते त्यानं पाहिलं, सगळे आकडे वाचले. जाताना आजींनी विचारलं, त्यांच्या नागलीच्या वावराजवळ असं एक बसवता येईल का, कारण दुपारचा वारा तिथून आमच्या आधी वळतो. बाजूला ठेवलेली आठवी काडी उद्या पुन्हा बर्फात घालून पाहते. ती जमली नाही तर नवीन मागवायची.